तुम्ही विचारलंत म्हणून: प्रॉडक्शनचा ॲक्सेस

"सर, आमच्यावर विश्वास नाही काय?" उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात प्रॉडक्शन डेटाबेसचा, म्हणजे ग्राहकांचा खरा, चालू डेटा असतो त्याचा, ॲक्सेस मी नाकारला की प्रत्येक डेव्हलपर हे विचारतोच. आजवर अर्धंच उत्तर दिलं.

विश्वासाचा प्रश्नच नाही. मीही सहा वर्षं डेव्हलपर होतो आणि हाच ॲक्सेस भांडून मिळवला होता. "बग तिथं आहे, मी टेस्ट डेटात काय शोधू?" हे माझंच वाक्य. ते मला आजही खोटं वाटत नाही.

पण गाळप हंगामातली ती रात्र. एका कारखान्याच्या ऊसबिलाचं काम आमच्याकडं होतं. एका शेतकऱ्याचा खातेनंबर चुकलेला, सकाळी पैसे जमा होणार. मी कागलला, भाच्याच्या लग्नात. फोनवरून ऑफिसातल्या डेव्हलपर पोराला माझाच पासवर्ड सांगितला. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, त्यानं बरोबर लिहिली होती: वरच्या ओळीत अपडेट आणि सेट, म्हणजे काय बदलायचं; खालच्या ओळीत व्हेअर, म्हणजे कुणाचं बदलायचं. माऊसनं सिलेक्ट झाली फक्त वरची ओळ, आणि त्यानं रन दाबलं. आमच्या डेटाबेसमध्ये, मायएसक्यूएलमध्ये, ऑटोकमिट मुळातच चालू असतं, म्हणजे बदल लगेच पक्का होतो; रोलबॅक करायला, मागं फिरवायला काही उरत नाही. "सर, एक रो बदलायला पाहिजे होती... अकरा हजार म्हणतंय." पुढं नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. अकरा हजार शेतकऱ्यांच्या नावापुढं एकाच माणसाचं खातं.

एन्ट्री बंद केली. काट्यावर वजनपावत्या हातानं लिहिल्या, ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर गेली. आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर चढवला, बायनरी लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, त्या क्वेरीच्या अलीकडेपर्यंत चालवला, खातेनंबर परत आणले. पहाटेचे पाच वाजले.

बोलणी पोरानं खाल्ली. पासवर्ड मी दिला होता, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही. दोन महिन्यांनी तो सोडून गेला.

तेव्हापासून मी नाही म्हणतो. तरी ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या डेव्हलपरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीमध्ये चुकीच्या सर्व्हरवर डेटा उडवला, तो सर्व्हर सांभाळणाऱ्यानंच. बॅकअप धड नव्हते, सहा तास आधी हातानं घेतलेली कॉपी कामी आली. म्हणजे डेव्हलपरला अडवून मी नेमकं काय वाचवतो?

आता फक्त वाचण्यापुरती रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची चालती नक्कल देतो, खातेनंबर झाकून. पण मूळ सर्व्हरवर अडकलेला लॉक, म्हणजे एका कामानं धरून ठेवलेली आणि दुसऱ्याला थांबवणारी नोंद, तिथं दिसत नाही. गेल्या महिन्यात मी रजेवर असताना असंच एक बिल चार दिवस अडकलं. शेतकरी पासबुक घेऊन ऑफिसात बसला होता. त्याला काय सांगायचं, मला सुचलं नाही.