निम्म्या मेणबत्त्या

फ्रान्समध्ये, बरगंडीतल्या शाब्लीच्या त्या द्राक्षमळ्यावर मी उमेदवारीला होतो, तेव्हा मला एकच गोष्ट खात्रीने कळत होती, ती म्हणजे थंडी. आम्ही निफाडचे. डिसेंबरात पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक सोडायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. पण आमच्याकडे तेव्हा घडात मणी धरलेले असतात. तिथे कडाका येतो तो नेमका पोंगा फुटताना, आणि छाटणी वर्षातून एकदाच. पहिला फुटवा जळाला तर मागून दुसरा डोळा फुटतो, पण त्याला घड जेमतेम.

२०२१ चा मार्च शेवटी असा तापला की शार्डोने जातीच्या वेलींचे डोळे वेळेआधीच उघडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हिम आलं.

मळा पाचव्या पिढीकडे. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यापासून तिकडे बापाच्या जमिनीत सगळ्या मुलांचा वाटा असतो. बरगंडीत दक्षिणेला क्लो द वूजो नावाची पन्नास हेक्टरांची बाग आहे, तिला ऐंशीच्या आसपास मालक. पर्यटकांना हे कौतुकाने सांगतात, मला ती भाऊबंदकीच वाटते. आमच्या मालकीणबाईंच्या वाट्याला उतारावरचा तुकडा आला होता, ल्योंला राहणाऱ्या भावाच्या वाट्याला खालचा, नदीकडचा. तोही बाईच खंडाने कसायच्या.

तिकडे हिमात बागेला ऊब द्यायला लावतात ती मेणबत्ती म्हणजे रंगाच्या डब्याएवढा पत्र्याचा डबा, आत पॅराफिन. आठेक तास जळतो. हेक्टरी साडेतीनशे-चारशे डबे मांडले तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो, त्याहून जास्त नाही. आमच्याकडे होते चारशे. बाकीचे ‘उद्या देतो’ म्हणणारा व्यापारी फिरकलाच नाही. असले लोक निफाडलाही भेटतात.

रात्री साडेअकराला मी दोन्हीकडचे थर्मामीटर पाहून आलो. वर उणे एक, खाली उणे तीन. गार हवा पाण्यासारखी उताराने ओघळते आणि तळाशी साचते. पहाटे खाली उणे सहा होणार, तिथे मेणबत्त्या लावणं म्हणजे पॅराफिन जाळणं, सगळ्या वर लावा, असं मी सांगितलं. बाईंना पटलं. त्यांचे ऐंशीच्या पुढचे वडील चुलीजवळ बसून ऐकत होते. बोलले काहीच नाहीत.

दोन वाजता आम्ही वर झाकणं काढत, बर्नरने एकेक डबा पेटवत चाललो होतो. निम्मा तुकडा झाला आणि डबे संपले. ट्रॉलीत मागे हात घातला तर नुसतं लोखंड. खाली पाहिलं तर नदीच्या बाजूला नारिंगी ठिपके ओळीने पेटत होते. म्हातारबाबांनी शेजारचा पोरगा हाताशी धरून निम्मे डबे केव्हाच खाली नेले होते. बाई म्हणाल्या, “राहू दे.” मग उरलेल्या ओळी आम्ही अंधारातच सोडल्या.

दुपारी डोळे तपासले. ब्लेडने डोळा उभा चिरायचा. आत हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर गेला. खालच्या तुकड्यात मी शंभर चिरले, चार हिरवे निघाले. वर निम्मे. सगळे डबे वर असते तर ऐंशी तरी वाचले असते, हा हिशेब मी अजूनही झोपताना करतो. बाबा रिकामे डबे गोळा करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “दोन्हीकडे दोन-दोनशे.” ल्योंच्या त्यांच्या पोराने त्या वर्षीचा खंडही पुरता घेतला, हे मला नंतर कळलं.

रात्री घरी फोन केला. आमच्या विहिरीवर वडिलांच्या आणि काकांच्या पाळ्या आहेत, चार-चार दिवसांच्या. एका दुष्काळात पाणी एकाच बागेपुरतं होतं, तरी पाळ्या चालूच राहिल्या आणि दोन्ही बागा वाळल्या. मला वाटलं, अण्णा माझ्या बाजूने बोलतील.

सगळं ऐकून ते म्हणाले, “मग? काकाचं पाणी बंद करायला पाहिजे होतं का मी?”