‘बुद्ध’ मांगाचा लेख: कथानक छाटून झाले, पात्रे मार्गी लागली, प्रकाशनाचा विभाग मात्र रिकामाच

मंडळी, जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकांच्या ‘बुद्ध’ या मांगावरचा (जपानी चित्रकथेवरचा) मराठी विकिपीडियासाठीचा लेख अजून धूळपाटीवरच, म्हणजे कच्च्या मसुद्याच्या पानावरच, आहे, पण आता त्याला लेखाची कळा आली आहे. मागच्या नोंदीनंतर बऱ्याच जणांनी विचारले की एवढे अडतेय कुठे? अडत होते कथानकात. मांगाच्या लेखात हात घालणाऱ्या प्रत्येकाला कथानकच लिहायचे असते. मूळ जपानी १४ खंड, इंग्रजीत ८ जाडजूड खंड, आणि प्रत्येकाचा एक तरी लाडका प्रसंग. एकाने मिगैला या पात्राचे दरोडेखोरीचे दिवस लिहिले, दुसऱ्याने अजातशत्रूचा सगळा घरचा तमाशा. बघता बघता अर्ध्याहून जास्त लेख म्हणजे नुसती गोष्ट, आणि ती कोणी, कधी, कुठे छापली याला दोन ओळी.

छाटणीसाठी एकच निकष लावला: हा प्रसंग काढला तर पुढचे कळेनासे होते का? होत नसेल तर कात्री. मिगैलाचे दरोडे गेले. चाप्रा राहिला, कारण त्याच्याशिवाय पहिला खंडच उभा राहत नाही. गुलामाचा पोर, कोसलच्या सेनापतीचा जीव वाचवतो, जन्म लपवून त्याचा दत्तक मुलगा होतो, आणि शेवटी त्याच जन्मापायी जिवाला मुकतो. लेखाचे सुरुवातीचे वाक्य आधी असे होते: ‘ही सिद्धार्थाच्या जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंतची कथा आहे.’ वाचायला छान, पण चूक. आता तिथे आहे: ‘कथा सिद्धार्थाच्या जन्माआधी सुरू होते. पहिल्या खंडाचा बराचसा भाग चाप्रा, त्याची आई आणि तत्ता यांचा आहे.’ ज्या वाचकाला बुद्धचरित्र तोंडपाठ आहे तो पहिला खंड उघडून चक्रावतो, त्याच्यासाठी हे वाक्य वरतीच हवे, असे माझे मत. दोघांचा विरोध होता, चर्चा पानावर बरीच खडाजंगी झाली, पण वाक्य टिकले.

आता पात्रांकडे. या लेखाचा जीव इथेच आहे. इंग्रजी किंवा जपानी वाचकाला तत्ता हे पात्र खरे की रचलेले याने फारसे बिघडत नाही. मराठी वाचकाला बिघडते. आपल्याकडे बुद्धचरित्र घराघरांत वाचले जाते, त्यामुळे ‘हा तत्ता कुठल्या सुत्तातला (बुद्धवचनांच्या पाली ग्रंथातला)?’ असा प्रश्न येणारच. म्हणून प्रत्येक पात्रापुढे ते परंपरेतले की तेझुकांनी रचलेले, हे लिहायचे ठरले. ठरवायला सोपे होते. पण आपणच मांगा आणि पाली ग्रंथ शेजारी ठेवून तुलना केली तर ते ‘मूळ संशोधन’, म्हणजे स्वतःच काढलेला निष्कर्ष, होते आणि विकिपीडियावर ते चालत नाही. तोडगा असा निघाला की परंपरेतल्या पात्राबद्दल परंपरा काय सांगते ते संदर्भासह लिहायचे, मांगात काय घडते ते खंड आणि पान देऊन लिहायचे, आणि ‘तेझुकांनी बदलले’, ‘विपर्यास केला’ असली विधाने कुणा समीक्षकाच्या नावावर असतील तरच ठेवायची.

पाली नावांसाठी मलालसेकरांचा पाली विशेषनामांचा कोश हाताशी ठेवला. १९३७-३८ चा आहे, पण अजून त्याला तोड नाही. त्यातून गंमती निघाल्या. नरदत्ताला आमच्यातल्या एकाने बिनधास्त ‘काल्पनिक’ म्हणून टाकले होते. मांगात तो असित ऋषींचा शिष्य. एका माणसाला वाचवण्यासाठी कितीतरी प्राण्यांचे जीव घेतले म्हणून गुरू त्याला जनावरासारखे जगण्याची शिक्षा देतात. हे सगळे तेझुकांचे. पण नाव आणि नाते हवेतून आलेले नाही. सुत्तनिपातात असिताचा भाचा नालक आहे आणि ललितविस्तरात असिताबरोबर येणारा भाचा चक्क नरदत्तच आहे. शेरा बदलला.

अस्सजीचे याच्या उलट. परंपरेत तो पंचवर्गीय भिक्खूंपैकी, म्हणजे बुद्धाच्या पहिल्या पाच शिष्यांपैकी, एक, आणि सारिपुत्ताला बुद्धाकडे वळवणारा. मांगातला अस्सजी हे शेंबडे पोर, स्वतःचा मृत्यू कधी आणि कसा येणार ते आधीपासून माहीत असलेले, आणि शेवटी भुकेल्या लांडग्याच्या पिल्लांना आपले शरीर देणारे. दोघांत नावापलीकडे काय उरते हा प्रश्नच आहे, तरी लेखात दोन्ही गोष्टी शेजारी मांडल्या आणि गप्प बसलो. देवदत्त परंपरेत बुद्धाचा नातलग, मांगात बंदक नावाच्या धनुर्धराचा मुलगा. बंदक, तत्ता, मिगैला, चाप्रा ही मंडळी तेझुकांची, पण त्यातल्या चाप्रा आणि तत्तासाठीच धड परीक्षणे सापडली आहेत. बाकीच्यांपुढे ‘संदर्भ हवा’ हा साचा लटकतोय.

नावे कशी लिहायची यावर वेळ घालवला नाही. परंपरेतली आहेत ती मराठीत रूढ आहेत तशी, उरलेली जपानी उच्चारावरून.

खरा पेच इंग्रजी दुसऱ्या खंडाने टाकला. त्याचे नावच चार दर्शनांवर आहे: म्हातारा, रोगी, प्रेत, संन्यासी. कथानकात एकाने लिहिले, ‘परंपरेनुसार सिद्धार्थ चार दृश्ये पाहून गृहत्याग करतो.’ लगेच चर्चा पानावर आक्षेप: कुणाच्या परंपरेनुसार? आणि आक्षेप रास्त होता. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’मध्ये दाखवले आहे की ही गोष्ट मुळात महापदान सुत्तातल्या विपस्सी या आधीच्या बुद्धाची, ती पुढे गौतमाला चिकटली. अरियपरियेसन सुत्तात तर आईवडील रडत असताना तो घर सोडतो, रात्री गुपचूप नव्हे. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्येही गृहत्यागाचे कारण रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत झालेला तंटा हे आहे. मराठी वाचकांतल्या फार मोठ्या वर्गासाठी तीच बुद्धकथा. तेव्हा ‘परंपरेनुसार’ हा शब्द उडवला आणि ‘उत्तरकालीन चरित्रग्रंथांतील चार दर्शनांच्या कथेचा आधार’ असे लिहिले. कोसंबींचे मत तळटीपेत. काहींना ते मुख्य मजकुरात हवे होते. मला नको वाटले, कारण लेख मांगाचा आहे, गृहत्यागाच्या वादाचा नाही, त्या वादासाठी गौतम बुद्धांचा स्वतंत्र लेख आहेच.

तशीच काळजी वर्णव्यवस्थेच्या उल्लेखांत. मांगात शूद्र म्हणजे जवळजवळ गुलाम आणि त्याच्याही खाली ‘पारिया’, असा ढोबळ आराखडा आहे. तत्ता पारिया. एका नव्या सदस्याने त्या जागी आजच्या एका जातीचे नाव घातले होते. चांगल्या हेतूने घातले असेल, पण ते उलटवले आणि मांगातलाच शब्द अवतरणात ठेवला. असले बदल संपादन सारांश (काय बदलले याची छोटी नोंद) न लिहिता करू नका, कृपया. नंतर पानाच्या बदलांच्या इतिहासात डोळे फोडून शोधावे लागते.

चित्राचे त्रांगडे सुटणारे नाही. मुखपृष्ठ कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या साठ्यावर) चढवता येत नाही. तेझुका १९८९ मध्ये गेले आणि जपानमध्ये आता लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे हक्क राहतो, म्हणजे २०५९ संपेपर्यंत विसरा. तोवर माहितीचौकटीत ताकाराझुकाच्या तेझुका संग्रहालयाचे छायाचित्र. चिप किड या अमेरिकी डिझायनरने केलेली इंग्रजी आवृत्तीची सुंदर मुखपृष्ठे शब्दांतच सांगायची. पुरस्कार बसले: १९७५ चा बुंगेई शुंजू मांगा पुरस्कार, इंग्रजी आवृत्तीला २००४ आणि २००५ चे आयस्नर, हे अमेरिकेतले कॉमिक्सचे पुरस्कार. २०११ आणि २०१४ च्या ॲनिमेशनपटांवर एकेक ओळ आहे, तेवढी पुरे.

उरला तो प्रकाशनाचा विभाग. मालिका सप्टेंबर १९७२ ते डिसेंबर १९८३ अशी चालली, उशिओ प्रकाशनाच्या मासिकांतून: आधी ‘किबो नो तोमो’, मग ‘शोनेन वर्ल्ड’, मग ‘कॉमिक टॉम’. उशिओ ही सोका गाक्काई या बौद्ध संघटनेशी जोडलेली संस्था, हेही यायला हवे, पण नीट संदर्भासह, नाहीतर त्यावरून नवा वाद. मासिक कोणत्या अंकात बदलले ते जपानी संदर्भांतून तपासायचे आहे. ज्यांना जपानी येते त्यांनी हे काम उचलावे. बाकीच्यांनी सातव्या-आठव्या खंडाचे पान क्रमांक भरायला घ्या. तत्ता कोसलवर चाल करून जातो आणि पडतो तो भाग संदर्भाविना आहे, आणि पान देताना आवृत्ती कोणती तेही लिहा, १४ खंडांची आणि ८ खंडांची पाने जुळत नाहीत. सांगकाम्या (आपोआप संपादने करणारा प्रोग्रॅम) नुसते दुवे टाकलेले मोकळे संदर्भ नंतर आवरेल, त्याची चिंता नको. हे झाले की लेख धूळपाटीवरून हलवू आणि चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, कळवू.