गुऱ्हाळाची फिल्म, दुसऱ्यांदा

आमच्या नववीच्या वर्गाने गुऱ्हाळघरावर केलेली छोटी फिल्म शाळेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा दाखवली, तेव्हा टाळ्या भरपूर पडल्या. पण मी आज संकलक आहे तो टाळ्या थांबल्यावर चित्रकलेच्या सरांनी जे केलं त्यामुळे, असं मला मनापासून वाटतं.

सरांनी फिल्म परत लावली, आवाज बंद करून. पडद्यावर धूर, ऊस, धूर, रस आटवायची मोठी काहील, पुन्हा धूर. कोण काय करतंय ते कळेना. मग आम्हाला पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायला लावलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बासरी आणि तिच्यावर आमचं निवेदन : रस उकळतो, रस आटतो, गूळ तयार होतो. सर म्हणाले, "काहील कुठं ऐकू येते?"

ज्यांच्या गुऱ्हाळावर आम्ही चित्रीकरण केलं होतं, तिथल्या गूळ करणाऱ्या गुळव्या मामांनाही सरांनी मुद्दाम बोलावलं होतं. मामा मागच्या बाकावर बसून होते. त्यांनी एकच विचारलं, "पोरांनो, मळी कवा काढली?" रस तापायला लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते, ती काढून टाकतात. ती नीट निघाली नाही तर गुळाला रंग येत नाही. आमच्या फिल्ममध्ये रस काहिलीत पडत होता आणि पुढच्याच शॉटला पाक उतरवला जात होता. मामांचं निम्मं काम त्या एका कटमध्ये गेलं होतं.

वर्गातले काहीजण रुसले. सगळ्यात जास्त लागलं ते बासरी वाजवणाऱ्या मित्राला, आणि ते साहजिकच होतं. त्याने त्या धुनेवर फार जीव लावला होता. सरांनी त्याची समजूत घातली नाही. त्याच्या हातात माइक दिला आणि सांगितलं, "काहील ऐकून ये."

मार्च सरत आला होता, हंगाम उरकत होता, म्हणून घाई करून पुन्हा गेलो. वाफेने हँडीकॅमची काच सारखी धुरकट व्हायची, ती पुसायला एकजण नेमलेला. आणि त्या मित्राने ऐकलं ते आमच्यापैकी कुणालाच ऐकू आलं नव्हतं : पातळ रस खळखळतो, आटत जातो तसा तो रटरटू लागतो आणि पाक व्हायला आला की बुडबुडे जड होऊन एकेक फुटतात. गुळव्या डोळ्यांबरोबर कानांनीही काम करतो, हे मामांनी त्यावर मान डोलावली तेव्हा आम्हाला समजलं.

मग संगणक कक्षात बसलो. टेप तासाभराची असेल तर ती संगणकात उतरवायला तासच लागायचा, त्यामुळे प्रत्येक शॉट सक्तीने पूर्ण बघितला जायचा. त्यातच पहिल्या चित्रीकरणातला एक शॉट सापडला. मामा थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतात. पहिल्या फिल्ममध्ये तो निवेदनाखाली क्षणभर येऊन गेला होता. आता तो अख्खा ठेवला. गोळी जमते की नाही याची वाट प्रेक्षकांनाही बघावी लागली. निवेदन सगळं काढलं. बासरी फक्त शेवटी, नावं येतात तिथे राहिली, आणि तिथे ती फार गोड वाटली.

दुसऱ्या खेळाला मामांनी पुन्हा एक शॉट जागेवरून हलवायला सांगितला. हलवला.

१९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्या स्टुडिओच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुढे मी तिथेच संकलन शिकलो. सगळ्यांसमोर रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, लावून त्याचा शॉटन् शॉट तपासला जायचा, तेव्हा भल्याभल्यांना घाम फुटायचा. मी वही उघडून बसायचो, कारण "हा शॉट का?" असं विचारणाऱ्या माणसाने आपली फिल्म खरोखर पाहिलेली असते, हे मला नववीतच ठाऊक झालं होतं.

आता शाळेतली मुलं मोबाइलवर सुरेख चित्रीकरण करतात, मी पाहिलं आहे. त्यांच्या कच्च्या फिल्म त्याच हॉलमध्ये लावा, ज्यांच्यावर केल्यात त्या माणसांना बोलवा, आणि मलाही कळवा. मे महिन्यात मी गावीच असतो. हेडफोन आणि हार्ड डिस्क घेऊन येईन.