निळं अंडं परसात टिकवायचं तर

काही जातींच्या कोंबड्या निळी-हिरवी अंडी देतात. असं अंडं फोडलं की टरफल लगेच टाकू नका. आतला पांढरा पापुद्रा ओल्या अंगठ्याने सोलून काढा आणि टरफल उजेडाला धरा. निळ्या अंड्याचं टरफल आतूनही निळंच असतं. हिरवं अंडं बाहेरून हिरवं, आतून निळं. गावठी कोंबडीचं तांबूस अंडं मात्र आतून पांढरट निघतं, आणि कोणी रंग लावून अंडं विकत असेल तर तेही. 'निळ्या अंड्यांची कोंबडी' म्हणून चढ्या भावाने काहीही विकलं जातं. त्यामुळे पक्षी बघण्याआधी त्याच्या आईच्या अंड्याचं टरफल मागायला संकोच करू नका.

निळा रंग बिलिव्हर्डिनचा, म्हणजे मुका मार लागल्यावर कातडीवर जी हिरवट छटा येते त्याच द्रव्याचा. कवच घडत असताना ते सगळ्या थरांत मुरतं. तांबूस रंग शेवटच्या काही तासांत वरून चढतो. निळ्यावर तांबूस चढला की हिरवा, आणि मारान्ससारख्या गडद चॉकलेटी अंड्याच्या जातीशी संकर झाला की ऑलिव्ह, म्हणजे मळकट हिरवा. चारा, पाणी, जागा यांतल्या कशानेही पांढऱ्या अंड्याची कोंबडी निळं अंडं देणार नाही. आतला बलकही तोच आणि पोषणही तेच. या कोंबड्या पाळायच्या त्या रंगाच्या आनंदासाठी, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

मूळ जात चिलीची अरौकाना. स्पेनचे कुक्कुटतज्ज्ञ साल्वादोर कास्तेल्यो यांनी १९१४ मध्ये ती तिथे पाहिली आणि १९२१ च्या हेगच्या जागतिक कुक्कुट परिषदेत जगापुढे मांडली. तिला शेपटी नसते आणि कानांजवळ पिसांचे झुबके असतात. झुबक्यांचा गुण आई-बाप दोघांकडून आला तर पिलू अंड्यातच मरतं, म्हणून परसातल्या पाळणाऱ्याने शुद्ध अरौकानाच्या मागे न लागलेलं बरं. अमेरॉकानाला शेपटी असते, गालांवर आणि हनुवटीखाली दाढी असते, पाय पाटीच्या रंगाचे असतात. क्रीम लेगबार इंग्लंडची, डोक्यावर पिसांचा शेंडा असलेली. आपल्याकडे या नावांनी जे मिळतं ते बहुतेक संकरित, ज्याला ईस्टर एगर म्हणतात. त्यात वाईट काही नाही, उलट असे पक्षी काटक असतात. परवान्याशिवाय परदेशातून उबवणीची अंडी मागवणं मात्र बेकायदा आहे, त्या भानगडीत पडू नका. आणि हो, कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट तांबूसच असतं.

रंग हरवतो तो कोंबड्यामुळे. गोव्यात वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कुंपण कितीही घातलं तरी शेजारचा गावठी कोंबडा सकाळी तुमच्या परसात हजर. निळ्याचा गुण प्रबळ आहे, एकाच बाजूने आला तरी अंडं निळं किंवा हिरवं होतं. पण असा एकेरी गुण असलेल्या कोंबडीवर गावठी कोंबडा चढला तर तिच्या निम्म्याच तलंगा, म्हणजे वयात येणाऱ्या लेकी, रंगीत अंडी देतील, आणि पुढच्या पिढीत आणखी निम्म्या. उबवणीसाठी अंडी धरायची तर त्याआधी तीन आठवडे कोंबड्या आपल्याच कोंबड्याबरोबर बंदिस्त ठेवा, कारण आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं.

आता कोंबडा कसा निवडायचा? तो स्वतः अंडी घालत नाही, त्यामुळे त्याच्याकडे गुण आहे की नाही ते दिसत नाही. एक खूण आहे. अरौकाना-अमेरॉकानाच्या वंशात निळ्याचा गुण आणि मटार तुरा, म्हणजे डोक्याला चिकटलेल्या बुटक्या दाण्यांच्या तीन ओळी, हे दोन्ही सहसा जोडीने पुढे जातात. करवतीसारखा उभा तुरा असलेली पिलं बाजूला काढली की रंग टिकण्याची शक्यता बरीच वाढते. पण असील या झुंजीच्या जातीलाही मटार तुरा असतो आणि त्याच्याकडे निळा गुण नसतो. कळपात असीलचं रक्त असेल तर ही खूण फसवते. क्रीम लेगबारचा तुरा तर उभाच, तिथे ती लागूच नाही. पक्की परीक्षा एकच: तो कोंबडा साध्या गावठी कोंबड्यांना लावायचा आणि तलंगा अंड्यावर येईपर्यंत थांबायचं. पाचही तलंगांनी रंगीत अंडी दिली तर कोंबड्याकडे दुहेरी गुण आहे असं धरायला हरकत नाही. एकेरी गुणाच्या कोंबड्याकडून असं होण्याची शक्यता बत्तिसांत एक. सहा-सात महिने जातात, पण असा कोंबडा हाती लागला की त्याची प्रत्येक लेक रंगीत अंडं देते.

उबवणीला बसवायचं ते दसऱ्यानंतर. पिलं नोव्हेंबरात निघतात आणि जूनचा पाऊस लागेपर्यंत चांगली मोठी झालेली असतात. अंडी उन्हाळी खोलीत पडून राहिली तर आतला गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. ओल्या वाळूवर मातीचं मडकं ठेवून त्यात, टोक खाली करून, अंडी ठेवा आणि चार-पाच दिवसांत बसवा. गावठी खुडूक, म्हणजे उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीखाली आठ ते दहा पुरेत. तिच्यासारखं यंत्र नाही.

इन्क्युबेटर वापरणारे पावसाळ्यात एक चूक हमखास करतात: पुस्तकात आहे म्हणून पाणी भरतात. बाहेर २७ अंश आणि ८८ टक्के दमटपणा असलेली हवा यंत्रात ३७.५ अंशांवर तापली की तिचा दमटपणा आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे अठराव्या दिवसापर्यंत एक थेंबही पाणी नको. जास्त दमट राहिलं तर अंड्यातलं पाणी उडत नाही, हवेचा कप्पा लहान राहतो आणि पूर्ण वाढलेलं पिलू चोच मारायच्या आधीच गुदमरतं. छोट्या डिजिटल काट्यावर अंडी तोला. ५५ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी साडेसहा ग्रॅमने हलकं झालेलं हवं. शेवटचे तीन दिवस पाणी भरून दमटपणा ६५ ते ७० टक्क्यांवर न्या. आत पिलू वाढतंय का ते बघायला अंड्यावर बॅटरी धरतात, पण निळ्या-हिरव्या कवचातून तिचा उजेड नीट जात नाही, म्हणून सातव्या दिवशी काही दिसलं नाही तर अंडं फेकू नका, दहाव्या दिवशी काळोख्या खोलीत परत बघा.

खुराडा चिऱ्यांच्या पायावर दोन फूट उंच, वर कौलं, आणि पावळी भिंतीबाहेर निदान दोन फूट, कारण आपला पाऊस आडवा येतो. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्डेड. षटकोनी जाळीतून मुंगूस आणि नाग शिरतात, उदमांजर ती फाडतं. कोंबडीमागे आत चार चौरस फूट. खाली भाताचं तूस तीन-चार इंच. मूठभर तूस दाबा: गोळा झाला तर ते ओलं आहे, त्याच दिवशी बदला. ओल्या तुसातच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. लागण झालीच तर अँप्रोलियम या औषधाची २० टक्के भुकटी पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.६ ते १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, आणि मात्रा पशुवैद्यांना विचारून.

दाढीवाल्या कोंबड्यांची एक अडचण कोणी सांगत नाही. पसरट भांड्यातून पाणी प्यायल्या की दाढी भिजते, श्रावणात ती दिवसभर वाळत नाही, वास मारते आणि बाकीच्या तिथे टोचे मारतात. निपलचं पाणी, म्हणजे चोचीने टोचलं की थेंब सोडणारी नळी, लावा, सुटका होते.

राणीखेत रोगाची लस चुकवू नका: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस. कुपी बहुधा शंभर मात्रांची येते आणि मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाड्यावरच्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवावा. लस बर्फातूनच आणायची. डास वाढले की कोंबड्यांना देवी येतात, त्याची लस वेगळी.

अंड्यावर आलेल्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम लेअर खाद्य. शिंपल्यांना गोव्यात तोटा नाही. तिसऱ्यांची शिंपलं धुऊन, उन्हात कडक वाळवून, दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे होतील इतकी कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. खाद्यात मिसळू नका. ज्या कोंबडीला हवं ती खाते, आणि वाढत्या तलंगांची मूत्रपिंडं जादा कॅल्शियमने बिघडतात. मे महिन्यात कोंबड्या धापा टाकतात, त्यामुळे रक्तातलं कवचाला लागणारं द्रव्य कमी होतं आणि शिंपलं असूनही कवच पातळ येतं. तेव्हा सावली आणि थंड पाणी हाच पहिला उपाय. पावसाळ्यात खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणा. बुरशीचा वास आलेलं खाद्य उन्हात वाळवून घालणं म्हणजे विष घालणं.

हंगामाच्या शेवटी रंग फिका पडतो, पिसं झडून नवी आली की परत येतो. एकाएकी सगळ्याच कोंबड्यांची अंडी फिकी आणि सुरकुतलेली आली तर तो श्वासनलिकेचा संसर्ग असू शकतो, वाट न बघता पशुवैद्यांना दाखवा. चिखल लागलेलं अंडं धुवायचं नाही, वाळल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचं.

एक कोंबडी जन्मभर साधारण एकाच छटेचं अंडं देते. सर्वांत गडद निळं कुणाचं ते कळत नसेल तर जिच्यावर शंका आहे त्या कोंबडीच्या गुदद्वाराला रात्री मिठाईचा लाल रंग बोटभर लावा. दुसऱ्या दिवशी ज्या अंड्यावर लाल रेघ असेल ते तिचं. पुढे उबवणीसाठी मडक्यात ठेवायची ती तिचीच अंडी.