यांत्रिकीच्या प्राध्यापक भरतीत अर्ज कुठे अडकतो

लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ असो, रत्नागिरी-मालवणची तंत्रनिकेतनं असोत की आंबव, लवेल, कणकवलीची खासगी कॉलेजं, यांत्रिकीची जागा निघाली की कोकणातली कितीतरी हुशार मुलं मुलाखतीपर्यंत पोहोचतच नाहीत. छाननीतच बाद होतात. याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक चुका टाळता येण्याजोग्या असतात.

पहिला गैरसमज नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचा. इंजिनिअरिंगच्या सहायक प्राध्यापकाला एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) 2019च्या नियमांनुसार संबंधित शाखेतली बी.ई. आणि एम.ई. लागते, दोन्हींपैकी एकीत प्रथम वर्ग. नेट लागत नाही, पीएच.डी.ची सक्तीही नाही. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन 57,700 रुपयांपासून. तंत्रनिकेतनाच्या अधिव्याख्यात्याला प्रथम वर्गाची बी.ई. पुरते, वेतन 56,100 पासून. मात्र शासकीय संस्थांतली कायम पदं लोकसेवा आयोग भरतो, तेव्हा ती जाहिरात कॉलेजच्या साइटवर शोधत बसू नका. सहयोगी प्राध्यापकाला पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव (त्यातली दोन पीएच.डी.नंतरची) आणि मान्य जर्नल्समधले किमान सहा शोधनिबंध हवेत.

अर्ज सर्वाधिक अडकतो अनुभवाच्या दाखल्यावर. ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढ्यावर भागत नाही. हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, वेतनश्रेणी, आणि नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता असल्याचं पत्र हे सगळं हवं. मान्यतेशिवायची खासगी कॉलेजातली वर्षं बऱ्याचदा धरलीच जात नाहीत. म्हणून नोकरी सोडतानाच दाखला नीट लिहून घ्या. नंतर प्राचार्य बदलतात, जुनी फाइल मिळत नाही.

गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर विद्यापीठाच्याच सूत्राचं टक्केवारीचं प्रमाणपत्र जोडा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत तपासा, ती 31 मार्चला संपते. नोकरीत असाल तर ना-हरकत पत्र जाहिरात येताच मागा.

ऑनलाइन फॉर्म भरूनही पुष्कळ ठिकाणी छापील प्रत मागतात, आणि शेवटची तारीख बहुधा प्रत पोहोचण्याची असते, टपालात टाकण्याची नव्हे. जुलैत महाडला पाणी भरलं की हायवे बंद, गाड्या रखडलेल्या. निदान आठ दिवस आधी स्पीड पोस्ट करा. लोणेऱ्याची मुलाखत पावसाळ्यात असेल तर आदल्या दिवशी जवळच्या माणगावात मुक्कामालाच या.

तासिका तत्त्वावरच्या थेट मुलाखतीला मूळ कागद आणि साक्षांकित प्रतींचा एक संच न्या. तिथे फळ्यावर दहा मिनिटं शिकवायला सांगतील, याचीही तयारी ठेवा. ऑटो सायकलची, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राची, पी-व्ही (दाब-आकारमान) आकृती हा नेहमीचा विषय. वायू दाबला जाण्याची (कॉम्प्रेशनची) रेषा सरळ काढली की पॅनेल तिथेच थांबवतं. ती वक्रच हवी, आणि प्रसरणाचा वक्र तिच्या वर. ऑटोत उष्णता उभ्या रेषेवर आत येते, डिझेलमध्ये आडव्या. दोन्ही शेजारी-शेजारी काढा आणि अक्षांवर दाब, आकारमान लिहायला विसरू नका.