पावतीच्या मागच्या बाजूला

आमचं मेडिकल सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, सुरू केलं. बार्शी हे तालुक्याचं गाव असलं तरी दवाखान्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेलं. वैराग, पांगरी तर आपल्याच तालुक्यातली. पण जिल्ह्याची हद्द ओलांडून भूम, परांडा, येरमाळ्याची माणसंही इथे दाखवायला येतात. डॉक्टरांना दाखवून झालं की एसटीची वेळ होईपर्यंत मेडिकलच्या पायरीवर टेकायचं, आणि आत विचारायचं राहून गेलेलं सगळं दादांना विचारायचं, ही जुनी रीत. डॉक्टरांपुढे माणूस गप्प असतो. काउंटरवर आल्यावर त्याला कंठ फुटतो.

दादा लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्रकोर काढून द्यायचे. सूर्याशेजारी भाकरी काढली तर जेवणानंतर, नुसता सूर्य असला तर उपाशीपोटी. मी बी. फार्म. होऊन या घरात आले तेव्हा मला हा प्रकार पोरकट वाटला होता. आज आमच्या वेबसाइटवर प्रत्येक ऑर्डरबरोबर जो तक्ता छापून जातो, त्यात हीच चित्रं आहेत. बदललं ते इतकंच, की पूर्वी पावतीच्या मागच्या बाजूला हाताने लिहायचो, आता प्रिंटर लिहितो.

ऑनलाइनचा विचार आम्ही हौसेने केला नाही. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली पोरं मोबाइलवरून आईवडिलांची महिन्याची औषधं मोठ्या कंपन्यांकडून मागवू लागली. सवलतीत आमची त्यांच्याशी बरोबरी होणं शक्य नव्हतं. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराचा नफा 16 टक्के धरलेला आहे. त्यातून गाळ्याचं भाडं, फ्रिजचं लाइटबिल, दोन माणसांचे पगार आणि मुदत संपलेला माल जायचा. वर वीस टक्के सूट कुठून आणायची? ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट 2018 मध्ये निघाला, आणि आज ना उद्या अंतिम नियम येतील म्हणून सगळा धंदा वाट बघत बसला.

मग 2020 आलं. टाळेबंदी लागल्यावर 26 मार्चला केंद्राची अधिसूचना निघाली, की परवानाधारक दुकानदाराने चिठ्ठी पाहून औषध घरपोच द्यायला हरकत नाही. चिठ्ठी ईमेलने आली तर माल त्याच महसुली जिल्ह्यात पोचवायचा, अशी अट होती. बार्शी सोलापूर जिल्ह्यात आणि आमचं निम्मं गिऱ्हाईक शेजारच्या जिल्ह्यात! येरमाळ्याहून कुणी तरी चिठ्ठी घेऊन प्रत्यक्ष यायचं, तो रस्ता नाकाबंदीने अडलेला. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर चिठ्ठ्यांचे फोटो घेणं, त्याची वही ठेवणं, फोनवरून समजावून सांगणं हे सगळं अंगवळणी पडलं. वेबसाइट त्यातूनच झाली. परवाना दुकानाचा, फार्मासिस्ट काउंटरवर हजर, आणि वेबसाइट म्हणजे फक्त ऑर्डर घेण्याची खिडकी, अशी आमची मांडणी आजही आहे.

ऑर्डरींपेक्षा प्रश्न जास्त यायला लागले. थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा हा आमच्याकडचा कायमचा प्रश्न. इकडे पाच वाजता चूल पेटते आणि चहाशिवाय माणूस हलत नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी, आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांनी. एक मावशी म्हणाल्या, "बाई, मग गोळी उशाशी ठेवते आणि धार काढायला जायच्या आधी घेते." यापेक्षा चांगली वेळ मला सुचली नसती. हल्ली मी ती सगळ्यांना सांगते.

दुसरा जुलाबाचा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती सगळी एकदम पाण्यात घालायची आणि ते पाणी चोवीस तासांत संपवायचं. लोक काय करतात, पेल्यात चिमूटभर टाकतात आणि पुडीला रबर लावून ठेवतात. मीठ, साखर आणि पाण्याचं ठरलेलं प्रमाण हेच त्यातलं औषध आहे, ते बिघडलं की उपयोग गेला. शिवाय रंगीत खोक्यातली गोड सरबतं ओआरएस म्हणून विकली जायची. साखर जास्त झाली की आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. ती खोकी मागायला येणाऱ्यांशी वाद घालून माझा घसा बसला होता. लहान मुलाला ओआरएसच्या जोडीला झिंक द्यायचं असतं, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले म्हणून आया दोन दिवसांत ते बंद करतात, हे अजून सांगावंच लागतं.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते तापाच्या औषधाला. तान्ह्या मुलांच्या पॅरासिटामॉल ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये पाच मिलिलिटरला साधारण 125, आणि त्याच रंगाच्या, त्याच चवीच्या दुसऱ्या बाटलीत 250. घरी मोठ्या भावाचं सिरप पाच मिलि देऊन सवय झालेली असते. तेच माप ड्रॉप्सचं भरलं तर बाळाच्या पोटात एका वेळी 500 मिलिग्रॅम जातं. आठ किलोच्या बाळाला एका वेळी 80 ते 120 पुरे. म्हणून आमच्याकडून तापाची बाटली बाळाचं वजन विचारल्याशिवाय बाहेर पडत नाही. ऑर्डर ऑनलाइन असली तरी फोन जातोच. डॉक्टरांनी लिहिलेलं माप वजनाशी जुळवून घ्यायचं, बाटलीबरोबरच्या पिचकारीवर पेनाने रेघ मारायची आणि त्या रेघेचा फोटो आईला पाठवायचा. हे काम माझी सहकारी करते आणि तिच्याइतकं चोख मलाही जमत नाही.

खोकल्याच्या सिरपचं तर 2025 च्या ऑक्टोबरात चित्रच पालटलं. छिंदवाड्यात दूषित सिरपने मुलं दगावली, काही मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाचच्या आतल्यांनाही सहसा देऊ नयेत, असं केंद्राने बजावलं. तोवर "काही तरी द्या हो" म्हणणारे पालक त्या आठवड्यात "यात काही नाही ना?" म्हणू लागले. भीती ओसरली, तसं "काही तरी द्या" परत आलं.

"काही तरी द्या" याला आम्ही काउंटरवर फार पूर्वीपासून नकार देत आलोय. सर्दीला अँटिबायोटिक नाही, गजकर्णाला स्टिरॉइडचं मलम नाही. ते मलम लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि नायटा आत पसरत राहतो. 2018 मध्ये अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत गेली, पण लोक अजून जुनी ट्यूब दाबून सपाट झालेली घेऊन येतात आणि "हीच द्या" म्हणतात. नकार दिला की गिऱ्हाईक शेजारी जातं. जाऊ दे. शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतली औषधं, म्हणजे काही अँटिबायोटिक, झोपेच्या गोळ्या वगैरे, 2014 पासून वहीत नोंदवून द्यावी लागतात, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं हे सगळं. त्यावरही लोक चिडतात, की आधार कार्ड तेवढं राहिलं का?

धंदा खरा टिकला तो दुहेरी गोळ्या शोधण्यावर. आमच्याकडे महिन्याच्या औषधांची ऑर्डर लागली की आम्ही घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पलंगावर मांडून फोटो पाठवायला सांगतो. परांड्याच्या एका आजोबांच्या फोटोत टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचं औषध दोनदा निघालं. एक हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेलं, नुसतं. दुसरं गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, पाकिटांचे रंग वेगळे. आजोबा उठलं की चक्कर येते म्हणत होते आणि घरचे अशक्तपणा म्हणून ताकदीची पावडर पाजत होते. आम्ही गोळी बंद करा असं सांगत नाही, तो आमचा अधिकार नव्हे. दोन्ही चिठ्ठ्या समोर ठेवून डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एक गोळी कमी केली. त्या घरची ऑर्डर थोडी लहान झाली. पण आजोबांचा मुलगा हिंजवडीत असतो, त्याने त्याच्या ऑफिसातल्या मित्रांच्या आईवडिलांचे नंबर पाठवले. जाहिरातीवर आम्ही आजवर जे थोडेफार पैसे घातले, त्यातून इतकं कधी आलं नाही.

उन्हाळ्यात मात्र इन्सुलिनची डिलिव्हरी जिवावर येते. बाहेर 42 अंश, आणि इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी ठेवतो. पण ती बाटलीला थेट टेकली आणि इन्सुलिन गोठलं तर ते टाकूनच द्यावं लागतं. मध्ये पुठ्ठा आणि कापड घालतो. गिऱ्हाइकाला सांगतो, फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरखालच्या कप्प्यात नको. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण आमच्या पत्र्याच्या घरांत एप्रिल-मे महिन्यांत नाही. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायला सांगतो आणि एका वेळी एकच बाटली पाठवतो. त्या फेरीला पेट्रोलचाही खर्च निघत नाही.

सध्या फोनवरचे प्रश्न सकाळी दहा ते रात्री नऊ घेतो. काही प्रश्नांना मात्र आम्ही उत्तर देत नाही, ते वेबसाइटवर सगळ्यात वर लिहून ठेवलंय: छातीत दुखून घाम येणं, तोंड वाकडं होणं किंवा एक हात उचलता न येणं, बाळाने दूध सोडून मलूल पडणं, साप चावणं. तिथे पहिली ओळ 108 ची आहे. तरी परवा एकाने विचारलंच, साप बिनविषारी वाटतोय, तोवर कोणती गोळी चालेल? त्याला गाडीत बसेपर्यंत फोन ठेवू दिला नाही.