आमची वाटचाल : मकरपुऱ्यातलं मशीनशॉप आणि तिथली बोलण्याची रीत

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं मशीनशॉप आहे. सुरुवात जुन्या लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर झाली, पुढे संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आलं. बँकेचे हप्ते, पार्टीकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे, थकलेली बिलं हे सगळ्याच छोट्या कारखानदारांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. आमचा धंदा टिकला तो बोलण्याच्या रीतीवर, असं मी मनापासून मानतो. म्हणून त्याबद्दलच लिहितो.

आधी मी ज्या कारखान्यात सुपरवायझर होतो तिथे शिवी दिल्याशिवाय काम सांगितलंच जात नसे. त्याचा परिणाम जॉबवर, म्हणजे मशीनवर बनणाऱ्या भागावर, दिसायचा. २५ मिलिमीटरच्या बोअरला, म्हणजे भोकाला, एच-७ फिट (मापात किती फरक चालेल याची ठरलेली श्रेणी) असेल तर वरच्या बाजूला सूट फक्त ०.०२१ मिलिमीटर. बोअर त्याहून मोठं झालं की कापलेला धातू काही परत लावता येत नाही. हे सगळ्यात आधी ऑपरेटरला कळतं, कारण बरोबर मापाच्या भोकात न जाणारा 'नो-गो' गेज आत शिरतो. पण सांगायला गेलं की चारचौघांत आईबहिणीवरून उद्धार. मग तो पीस गुपचूप चांगल्या ट्रेमध्ये जायचा आणि पार्टीकडून अख्खा लॉट परत यायचा.

आमच्याकडे पीस बिघडला की आधी विचारतात, "कौन-से पीस से शुरू हुआ?" कुणी केलं, हे त्यानंतर. एवढ्यानेच माणूस मोकळा होतो. इन्सर्ट (धातू कापणारा तुकडा) झिजला होता की ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) चुकला, स्वतःहून सांगतो. कानउघाडणी केबिनमध्ये, शाबासकी मात्र मशीनपाशी, सगळ्यांदेखत आणि नेमक्या कामाची.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिने एडवर्ड डेसी यांचा १९७१ सालचा प्रयोग सांगितला. कोडी सोडवायला पैसे दिले आणि मग थांबवले, तर विद्यार्थ्यांची गोडी कमी झाली. तोंडभरून कौतुक केलं तेव्हा ती वाढली. अर्थात पगार वेळेवर हवाच. शब्दांनी घर चालत नाही.

आणखी एक गोष्ट मी कसोशीने पाळतो. मी आणि आमचे फिटर काका मराठी, ऑपरेटर बहुतेक यूपी-बिहारचे. दांडिया बाजारात वाढलेला मी, मराठी माझ्या जिवाची. तरी मशीनपाशी ऑपरेटर उभा असताना आम्ही दोघं हिंदीतच बोलतो. नाहीतर त्याला वाटतं, आपल्याच पगाराचं काहीतरी चाललंय.

नव्या पोराला काका नुसतं "अभी मत नाप" म्हणत नाहीत. गरम जॉब मोठा भरतो, थंड झाला की माप उतरतं, हे ते त्याच्या हातात मायक्रोमीटर देऊन दाखवतात. आता तोच पोरगा घाई करणाऱ्याला थांबवतो.